जोविताला मराठी येतं

१४ जुलै २०२५, सोमवार

त्या पोरीला मराठी येतं!

तिसऱ्या तासाला हरिप्रिया दारात आली. शेजारच्या चौथी-ब ची टीचर, आमच्यातलीच, या तमिळ गावात घरी मराठी बोलणारी. "विनुता, खडू अहे की गं? माझा डबा रिकामा झाला." मी फळ्यावर लिहीत होते. मागं न वळताच म्हटलं, "मागच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, निळा डबा बघ." नेहमीसारखं, मराठीत. वळून बघते तो शेवटच्या बाकावरची जोविता उठलेली. तिनं कपाट उघडलं, खालचा कप्पा, निळा डबा. दोन खडू काढून हरिप्रियाच्या हातात दिले आणि जागेवर जाऊन बसली.

हरिप्रिया "थँक्यू मा" म्हणून गेली. तिच्या काही ध्यानातच आलं नाही. मी मात्र फळ्यावर एकच ओळ दोनदा लिहिली.

कारण गुरुवार. गुरुवारचं लिहायलाच हवं. ही वही घरात कुणाला वाचता येत नाही. पुण्याला मावशीकडे राहून मी बी.ए. केलं म्हणून मला ही अक्षरं येतात. नवऱ्याला, श्रीकरला येत नाहीत, मुलाला, प्रद्युम्नला तर मराठीच धड येत नाही, सासूबाई बोलतात पण वाचत नाहीत. तेव्हा इथं तरी खोटं नको.

या महिन्यात चौथीला 'जगातले धर्म' चाललंय. मुलांना तक्ता करायला दिला होता — 'आमच्या घरचा देव'. गुरुवारी जोविता तिचा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. नऊ वर्षांची, काडीसारखी, तोंडाची टकळी कायम चालू. तक्त्यावर एक फळी काढलेली. फळीवर निळ्या साडीतली पूंडीच्या चर्चमधली माता, तिला खेटून पितळेची एवढीशी तुळजाभवानी. मातेपुढं मेणबत्ती, भवानीपुढं समई. खाली 'धर्म' या रेघेवर दोन शब्द आणि मध्ये बेरजेचं चिन्ह!

इतकं गोड काही त्या चौतीस तक्त्यांत दुसरं नव्हतं. मी तेवढंच म्हणायचं होतं.

हरिप्रिया शेजारी उभी होती. मी तिला हसत हसत म्हटलं — तोंड गोड ठेवून मराठीत वाटेल ते बोलायचं ही आमची जुनी कला, तीनशे वर्षं इथं राहून आमच्या घरांत उरलंय काय, तर लोकांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल बोलायची भाषा! — मी म्हटलं, "हे बाळकृष्णरावांच्या सुंदरीचं लेंकरू. माय किरिस्तावासंगं पळून गेली, बाळकृष्णराव गल्लीत तोंड दाखवेनात. आता हे उष्टं ताट कोणच्या देवापुढं ठेवायचं?"

हरिप्रिया फिस्सकन हसली. मी तक्त्यावर सही केली, 'गुड' लिहिलं, पोरीच्या गालाला हात लावला आणि पाठवून दिलं.

उष्टं ताट. टेबलाच्या त्या बाजूला ती उभी होती. दीड हातावर.

१५ जुलै

चार शब्द कळणं वेगळं आणि बोलणं कळणं वेगळं — असं दिवसभर स्वतःला समजावलं. पण खालचा कप्पाही कळला, निळा डबाही कळला.

डबा खाताना हरिप्रियाला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "मी काय बोललों गं? तूच बोललीस." खरंच आहे. मीच बोलले.

मी कशाच्या जोरावर धरून चालले होते, की तिला येत नसेल? माझ्याच पोटच्या पोराला मी मराठीत हाक मारते आणि तो तमिळमध्ये "एन्ना अम्मा" म्हणतो. आमच्यातल्या जुन्या घरांत हे हाल, तर घर सोडून गेलेल्या सुंदरीनं सगळंच टाकलं असेल, असं वाटलं. सुंदरीनं टाकलं नाही. टाकलंय मी.

१६ जुलै, बुधवार

आज इस्लामचा धडा. पाच वेळा नमाज म्हटल्यावर पहिल्या बाकावरच्या रघुपतीनं हात वर केला — "मिस, पी.टी.च्या तासाला नमाज आला तर पी.टी. बुडते का?" रियाजनं मोठ्या माणसासारखं समजावलं, की शाळेतल्या मुलांना सवलत असते, पण त्याच्या आजोबांना नाही, कारण ते रिटायर झालेत. वर्ग हसला, मीही हसले.

एरवी या सगळ्यात सर्वांत मोठा आवाज जोविताचा. गेल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "मिस, देव एकमेकांच्या घरी जेवायला जातात का?" आणि मी उत्तर न देता 'पुढचं पान काढा' म्हटलं होतं. आज ती गप्प. काल गप्प. परवाही गप्पच होती. मी शुक्रवारपर्यंत मागं जाऊन आठवून पाहिलं. गुरुवारनंतर तिनं वर्गात एकही प्रश्न विचारलेला नाही.

म्हणजे सगळं कळलंय.

१८ जुलै, शुक्रवार

माझ्या पाठ-टिपणात आज लिहिलं होतं — 'वाटून खाणे'. प्रत्येकानं आपल्या प्रार्थनेच्या जागी मिळतो तो खाऊ आणायचा. कागदावर किती छान दिसतं! बावीस जणांनी देवळात मिळतं ते हरभऱ्याचं सुंडल आणलं, त्यामुळं वर्गात नुसता हिंग आणि खोबऱ्याचा वास. रियाजनं खजूर, डेव्हिडनं केक, जैनांच्या मुलीनं सुकामेवा.

जोविता रिकाम्या हातानं आली. ती मागं सांगत होती, आईच्या हातचं हयग्रीव आणीन — डाळ-गुळाचं, आमच्याच घरांतलं पक्वान्न. ती "हयग्रीव" म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तक्ते मोजत होते.

ताटं बाकांवरून पुढं सरकवत होतो. प्रत्येकानं एक उचलायचं, पुढं द्यायचं. तिच्यापाशी ताट आलं तर तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. रियाज म्हणाला, घे ना. ती हळूच तमिळमध्ये म्हणाली, "आधी तुम्ही सगळे घ्या. माझा हात लागला तर बाकीच्यांना चालणार नाही."

रियाजला काही कळलं नाही. त्यानं खांदे उडवले.

मी उठून तिच्यासमोर ताट धरलं. "घे कण्णा." तिनं माझ्याकडं बघितलं. मग कडेचा एक खजूर दोन बोटांनी उचलला, दुसऱ्या कशालाही शिवणार नाही असा. सोवळ्यातल्या सासूबाई वाळत घातलेल्या साडीखालून जातात ना, तशी जपून.

व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षांच्या मुलीला जगातले सगळे धर्म शिकवायला बसले आणि शिकवलं काय, तर विटाळ!

२० जुलै

देवापुढं बसवेना. सासूबाईंना सांगितलं पाठ दुखतेय.

२२ जुलै, मंगळवार

भिंतीवर तक्ते लावायचे म्हणून सगळ्यांकडून परत मागवले. जोवितानं नवा करून आणला. त्यावर चर्चचं छापील चित्र, पुस्तकाच्या दुकानात मिळतं ते. खाली 'धर्म' वर एकच शब्द, पट्टी धरून लिहिलेला.

"आधीचा कुठंय?" म्हटलं.

"खराब झाला, मिस."

"कसा?"

"झाला."

हेडमिस्ट्रेस दुपारी फेरीला आल्या. नेमक्या त्याच तक्त्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "व्हेरी नीट!" मी मान डोलावली. नीट! फळी गेली, समई गेली, भवानी गेली, आईकडचं सगळं गेलं आणि नीट झालं. तक्ता मीच टाचण्या मारून लावला, चारही कोपरे दाबून.

२६ जुलै, शनिवार

आज पालकसभा. सुंदरी आली.

मी तिला सतरा-अठरा वर्षांनी बघत होते. गल्लीतली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्यांत होती. आता जरा भरलीय. सुती साडी, कपाळाला बारीक टिकली, गजरा. एका दंतवैद्याकडे कामाला आहे. तिच्या अंगाला तो दवाखान्याचा वास येत होता. जोविता तिच्या पदराला धरून.

मी तमिळमध्ये "या, बसा" म्हटलं. ती बसली आणि सरळ मराठीत बोलायला लागली! "तुम्ही कनकलताबाईंची सून नव्हे? मज ओळखलांत की?" — कनकलताबाई म्हणजे माझ्या सासूबाई. काय मराठी! आमच्या गल्लीतसुद्धा आता इतकं निर्भेळ कुणी बोलत नाही. सासूबाईंच्या सासूबाई बोलायच्या म्हणे तसं.

मार्कांचं बोलणं झालं. गणितात चांगली आहे, अक्षर सुधारलंय वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग पुढं वाकून म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ते मला पाठ झालंय —

"घरांत मी हिच्यासंगं मराठीच बोलतें. आमच्या यांना कळत नाहीं. आई होती तोवर आईसंगं फोनवर बोलत होतें, बाबांना न सांगतां. आई जाऊन दोन वर्षं झालीं. आतां मज बोलायला हें लेंकरूच. पण दोन आठवडे झाले, मी मराठींत विचारतें, ती तमिळमधे जबाब देती. कां म्हणून विचारलों तर गप्प. शाळेंत कोणी काही बोललं की? तुम्हांस काही ठावं अहे की?"

सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. मध्ये काही आडपडदा नाही. वर्गात गर्दी नव्हती, पुढचे पालक बाहेर बाकावर. सांगायला याहून सोपी वेळ देवानं आणूनही दिली नसती.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "वय असतं हो. माझा प्रद्युम्न पण तसाच करतो."

हसूनसुद्धा दाखवलं!

जोविता टेबलक्लॉथच्या झालरीचे धागे बोटाला गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. सुंदरीनं तिची बोटं झालरीतून सोडवली. मग म्हणाली, "अस्सं." उठली. "बरं, येतें."

मी एकीची भाषा तोडली आणि दुसरीचं तोंड बंद केलं. आईशी चोरून फोनवर बोलणारी बाई — तिच्याजवळ माहेरचं एवढंच उरलं होतं, आणि तेही मी काढून घेतलं. ते कशासाठी? हरिप्रियाला हसवायला.

२७ जुलै

'वय असतं हो.' जीभ झडली कशी नाही.

२९ जुलै, मंगळवार

ठरवून गेले होते, आज जोविताशी बोलायचंच. डब्याच्या सुट्टीत तिला थांबवून घेतलं. बाकीची पोरं ओरडत बाहेर पळाली. मी तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसले. ते बाक इतकं बुटकं, की माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

तमिळमध्ये म्हटलं, "जोविता, सॉरी."

"कशाबद्दल, मिस?"

"मी... चुकीचं बोलले त्या दिवशी."

"काय, मिस?"

काय! माझ्या तोंडातून ते शब्द बाहेर येईनात. त्या गुरुवारी किती सहज आले होते, पाण्यासारखे. मी म्हटलं, "तुला माहितेय." ती म्हणाली, "तुम्ही सांगा."

हट्टानं नाही हं. उद्धटपणानंही नाही. मी फळ्यापाशी उभं करून पोरांना विचारते ना — काय केलंस, तुझ्या तोंडानं सांग — अगदी तसंच, शांतपणे. आणि मी त्या पोरांसारखीच खाली मान घालून बसले. तेवढ्यात पाणी प्यायला दोघी-तिघी आत आल्या. मी उठले. "जा, डबा खा," म्हटलं.

चाळीस पार केलेली बाई मी. दोन शब्द उच्चारता आले नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार

आज तमिळ आडी महिन्याची अठरावी, नदीच्या पूजेचा दिवस. सकाळीच वेण्णार नदीवर गेलो. पाणी चांगलं आलंय यंदा, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. हळदीचे दोरे, फुलं, ताडपानाची कानातली, काळ्या बांगड्या. सासूबाईंनी चित्रान्न आणि दहीभात पानावर मांडला आणि नेहमीप्रमाणं बजावलं, "आधी नदीला. कोणी उष्टं करायचं नाहीं!"

दरवर्षी म्हणतात. दरवर्षी मी ऐकते. आज मी पातेलं खाली ठेवलं आणि पाण्याकडं तोंड केलं.

परत येताना ऑटोत मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, बाळकृष्णरावांच्या सुंदरीची मुलगी माझ्या वर्गात आहे. सासूबाईंनी मांडीवरचं पातेलं सरळ केलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, "सुंदरी? गौरींच्या दिवशीं सगळीं गाणीं तिलाच पाठ. कसला गळा!" आणि लगेच, "सणाच्या दिवशीं तिचं नाव नको आतां."

दोन्ही वाक्यं एकाच श्वासात. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि मग लाज वाटली — त्या निदान गाणं तरी आठवत होत्या. मी सुंदरीबद्दल काय आठवलं होतं?

५ ऑगस्ट, मंगळवार

अखेर श्रीकरला सांगितलं. चहा पिता पिता, तो ऑफिसला निघायच्या आधी. सगळं सांगितलं, उष्ट्या ताटासकट. त्यानं कप खाली ठेवला. "असं कसं बोललीस गं?" एवढंच म्हणाला. मग बूट घालता घालता वकिलासारखा सुरू झाला. पोरगी लहान आहे, विसरेल. तू तिच्या आईला जाऊन सांगितलंस तर तुझं ओझं उतरेल, पण तिच्या डोक्यावर चढेल. तिला ठाऊक नाही ते बरंच आहे. आणि माझ्या आईला कळलं, की तू सुंदरीच्या घरी गेलीस, तर घरात काय होईल याचा विचार कर.

किती पटलं मला! दिवसभर हलकं वाटत होतं. सुंदरीच्या भल्यासाठीच मी गप्प आहे — वा! चपातीसारखी पलटी मारता येते माणसाला.

संध्याकाळी मानोजीपट्टीच्या वळणावर त्या दोघी दिसल्या. जोविता सायकलवर, सुंदरी मागं धावत कॅरिअर धरून. सुंदरी मराठीत ओरडत होती, "समोर बघ गं, समोर!" जोविता तमिळमध्ये ओरडली, "सोडू नको अम्मा!"

मी स्कूटी दुसऱ्या रस्त्यानं घातली.

७ ऑगस्ट, गुरुवार

'जगातले धर्म' आज संपलं. शेवटी वर्कशीट दिलं. सगळे धर्म सांगतात अशा तीन गोष्टी लिहा.

तपासताना हसू आलं. रघुपती — 'आंघोळ, आंघोळ, गप्प बसणे.' डेव्हिड — 'रांगेत उभे राहणे.' रियाजनं दानावर अर्धं पान लिहिलंय, आजोबांच्या नावासकट. बऱ्याच जणांनी पुस्तकातलं — प्रेम, दया, शांती. मी फळ्यावर लिहून दिलं होतं ना, माझ्याच अक्षरात!

जोविताचा कागद शेवटून तिसरा. एकच गोष्ट लिहिलीय. 'चूक केली तर जाऊन सांगायची.'

खाली दोन ओळी रिकाम्या सोडल्यात.

तीनपैकी एक लिहिलं म्हणून मी एक मार्क दिला. लाल पेनानं. मग त्या एकाकडं बघत बसले. तिच्या चर्चमध्ये शिकवत असतील, कबुलीजबाब वगैरे. मीच तर गेल्या महिन्यात धडा घेतला त्यावर. किंवा आईनं शिकवलं असेल. कुठूनही शिकली असेल, पण शिकलीय. मी शिकवते आणि मला येत नाही.

शनिवारी जाणार. श्रीकरला न सांगता. घरात काय व्हायचं ते होवो. सुंदरीला ठाऊक नाही ते बरं, हे तिच्या सोयीचं नाही, माझ्या सोयीचं आहे. तिचं लेंकरू तिच्याशी का बोलत नाही, हे तिला कळायलाच हवं. मग ती मला घराबाहेर काढो.

८ ऑगस्ट

वरलक्ष्मीची पूजा. कलशाला साडी नेसवताना निऱ्या तीनदा चुकल्या. सासूबाई म्हणाल्या, ताप आहे की काय बघ.

९ ऑगस्ट, शनिवार

जाऊन आले. सुंदरी दारातच शेवग्याचा पाला निवडत बसली होती. जोविता आत, पडद्याआड, तिचे पाय दिसत होते.

सगळं सांगितलं. मराठीत. तेच शब्द, त्याच क्रमानं, उष्टं ताट म्हणाले आणि थांबले नाही. सुंदरीचे हात थांबले नाहीत. पाला संपवला, काड्या गोळा केल्या. मग तमिळमध्ये म्हणाली — या वेळी मराठीचा एक शब्द नाही — "त्याच दिवशी संध्याकाळी येऊन सांगितलं होतं तिनं मला. सभेला काही ठाऊक नसल्यासारखं विचारलं, ते तुमच्या तोंडून ऐकायलाच. तिला म्हटलं होतं, मिस सांगतील, मोठ्या आहेत."

महिनाभर मी रोज त्या वर्गात जात होते. मला वाटायचं, पोरगी मला घाबरून गप्प आहे. ती वाट बघत होती.